मोरपंखीच्या पाच पुड्या

रावेरच्या बाजूला एखादी केळीची बाग कापायला आली की नाही हे ठरवायचं असलं, की व्यापारी आधी लोटनभाऊंना मोटरसायकलवर बसवून घेऊन जातात. लोटनभाऊ बागेत शिरतात, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीच्या पुढे सहसा जात नाहीत. एका घडाखाली उभे राहतात, मधल्या फणीतलं एक केळं अंगठ्यानं दाबून बघतात आणि म्हणतात, भरली. किंवा म्हणतात, थांबा अजून. झालं. नवखा व्यापारी असला तर तो विचारतो, की भाऊ, मागची बाग नाही का बघायची? त्यावर लोटनभाऊ त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघतात. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय?

आणि त्यांचं चुकतही नाही. केळीसारखं आज्ञाधारक पीक दुसरं नाही. तिला बी नाही, त्यामुळे लग्न नाही, सोयरीक नाही, आईसारखं नाक आणि बापासारखा स्वभाव असली भानगड नाही. कंदातून पिल्लू येतं ते आईच पुन्हा उभी राहिल्यासारखं. प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं आली तेव्हापासून तर विचारायलाच नको, हजारो झाडं म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी उभं. असल्या पिकात चाळीस वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, की सगळं जगच असं आहे. लोटनभाऊंमध्ये खोट म्हणाल तर एवढीच, बाकी माणूस बावनकशी.

लोटनभाऊ दुसऱ्यांच्या बागा बघत फिरायचे, तेव्हा त्यांची स्वतःची बाग कोण बघायचं? सुमनबाई. शेतीच्या विजेची पाळी कधी आहे, ठिबकाचा कुठला व्हॉल्व गळतो, घडांना टेकू द्यायला कोण बाई येणार आहे आणि कुणाच्या पोराला ताप आहे म्हणून ती येणार नाही, हे सगळं सुमनबाईंच्या डोक्यात. घरी आलेला पाहुणा मात्र म्हणणार, लोटनभाऊ, बाग छान ठेवलीय हो. लोटनभाऊ मान डोलवणार. सुमनबाई चहा आणून ठेवणार. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, सुमनबाईंनाही नसावं, निदान त्या कधी बोलल्या नव्हत्या.

ज्योत्स्ना ही त्यांची मुलगी. शाळेपासून हुशार. लग्न होऊन नाशिकला गेली तरी शिकणं सुटलं नाही, जळगावला पीएच.डी.साठी नाव घातलं आणि विषय घेतला मोरपंखी. गावात हे कळलं तेव्हा लोक पोट धरून हसले. केळीच्या गावात जन्मली आणि शिकायला झाड धरलं ते शाळेच्या फाटकाजवळचं! मोरपंखी म्हणजे काय, लहानपणी ज्याची फांदी पुस्तकात ठेवली की विद्या येते असं सगळ्यांना वाटतं ते झाड. अर्ध्या गावाच्या पुस्तकात ती होती, आणि विद्या किती आली ते गाव बघतंच आहे.

पण ज्योत्स्नाचं म्हणणं निराळं होतं. मोरपंखी ही हिमालयातल्या चीड-देवदारांच्या भावकीतली. ही भावकी फार जुनी, पृथ्वीवर पहिलं फूल उमललं त्याच्याही कितीतरी आधीची. झाडाला पळता येत नाही, हात उगारता येत नाही. कीड आली, बुरशी आली, बकरी आली, तर त्यानं करावं काय? मग या झाडांनी वास तयार केले, डिंक तयार केला. चुरगळलेल्या मोरपंखीचा जो उग्र वास येतो, तो आपल्याला छान वाटावा म्हणून नसतो, तो कुणाला तरी हाकलायला असतो. हे वास बनवायची कृती झाडाच्या जनुकांत लिहिलेली असते आणि आईबापांकडून पोरांकडे जाते. कुठल्या झाडाकडे अशा किती कृती आहेत, त्या एकमेकींपासून कशा निपजल्या आणि आपल्या खानदेशच्या उन्हात वाढलेल्या मोरपंखीत त्यांचं काय झालंय, हे तिला शोधायचं होतं. लोटनभाऊंनी हे सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, की बरं आहे.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं असतं, पण ऐन हिवाळ्यात, गावोगावचे नमुने गोळा करायच्या वेळी, ज्योत्स्ना बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. घर आनंदानं भरून गेलं आणि ज्योत्स्ना मात्र चौथ्या-पाचव्या दिवसापासून खिडकीबाहेर बघत बसायला लागली. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती. हा हिवाळा गेला की पुढचं वर्ष गेलं, आणि पुढचं वर्ष गेलं की काम सुटलं, हे तिला कळत होतं. लेकराला पाजता पाजता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. सुमनबाईंना वाटायचं ओली बाळंतीण आहे, होतं असं. लोटनभाऊंना मात्र एके दिवशी राहवलं नाही. ते म्हणाले, की एवढंच ना, मी आणतो तुझी मोरपंखी.

ज्योत्स्नानं त्यांना नीट समजावलं. गावागावातल्या शाळेत, देवळात, कचेरीत मोरपंखी असते, तिथं जायचं. प्रत्येक गावातून पाच नमुने. हिरवी कोवळी डहाळी कात्रीनं कापायची, कागदाच्या पुडीत घालायची, पुडीत ओलावा शोषणारे पांढरे खडे टाकायचे, वर गावाचं नाव लिहायचं. लोटनभाऊंनी सगळं पाठ केलं. ज्योत्स्ना फक्त एक वाक्य बोलायची राहिली, कारण ते बोलायची गरज असेल असं तिला वाटलंच नाही.

लोटनभाऊ निघाले. केळीचे दलाल ज्या रस्त्यांनी फिरतात त्याच रस्त्यांनी, पण या वेळी केळीकडे न बघता. रावेर झालं, सावदा झालं, यावल, वरणगाव, भुसावळ, चोपडा, आणि तिथून शिरपूर, आणि तापी ओलांडून पार धुळ्यापर्यंत. वरणगावला एका शाळेच्या शिपायानं त्यांना फाटकावरच अडवलं. पांढरी टोपी, हातात कात्री, तोंडानं म्हणतोय झाडाची फांदी पाहिजे, म्हणजे हा करणीवालाच असणार, अशी त्याची खात्री पटली होती. लोटनभाऊंनी शेवटी मोबाईलवर नातीचा फोटो दाखवला, तिच्या आईसाठी नेतोय म्हणाले, तेव्हा शिपाई विरघळला आणि त्यानं चहा पाजला. चोपड्याच्या एका देवळात पुजाऱ्यानं डहाळीबरोबर नारळही हातात ठेवला. लोटनभाऊ घरी यायचे ते अंगावर धूळ आणि चेहऱ्यावर मुंजीच्या बटूसारखं तेज घेऊन.

शिरपूरच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेत मोरपंखीची ओळच होती. तिथं झाडलोट करणाऱ्या कुंदाबाईंनी हौसेनं सगळ्या झाडांभोवतीचा कचरा बाजूला केला, भाऊंना कुठल्याही झाडाशी जाता यावं म्हणून. लोटनभाऊ ओळीवरून नजर फिरवून सगळ्यांत दाट, हिरव्यागार झाडाशी थांबले आणि पाचही डहाळ्या त्याच्याच कापल्या. एका झाडात काम होतं तर बाकीच्यांना कात्री कशाला लावायची? त्यांनी प्रत्येक गावात हेच केलं होतं. चांगलं झाड हेरायचं, त्याच्याच पाच पुड्या बांधायच्या. मनात खोट नव्हती, आळस तर नव्हताच. पाच झाडांना जखम करण्यापेक्षा एकाला थोडी जास्त, हा त्यांचा दयाळूपणाच होता. केळीच्या माणसाला याहून वेगळं सुचेल तरी कसं?

पुड्या जळगावला गेल्या. ज्योत्स्नाच्या मार्गदर्शक भामरे मॅडम. नाव लता, पण सगळे मॅडमच म्हणत. मूळच्या शिरपूर तालुक्यातल्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी प्रयोगशाळेतलं काम दुसऱ्या विद्यार्थ्यांकडून करवून घेतलं आणि उन्हाळ्याच्या शेवटी आकडे ज्योत्स्नाकडे आले. काम संपेपर्यंत ती माहेरीच राहणार होती. मांडीवर मूल आणि समोर लॅपटॉप अशा थाटात ती ते बघायला बसली आणि थोड्या वेळानं तिनं आईला हाक मारली. प्रत्येक गावाचे पाचही नमुने तंतोतंत एक होते. एका गावाहून दुसरं गाव निराळं, पण गावातल्या गावात जरासुद्धा फरक नाही. एका गावाची मोरपंखी म्हणजे जणू एकच झाड!

ज्योत्स्ना हरखली. तिनं तर्क बांधला, की गावागावात कुणीतरी एकाच झाडाच्या फांद्या लावत गेलं असणार, म्हणून सगळी झाडं सारखी. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं भराभर लिहायला घेतलं, परिषदेला पाठवायचा निबंधही अर्धा झाला. लोटनभाऊंना तिनं सांगितलं, की आबा, तुमच्या पुड्यांनी कमाल केली. लोटनभाऊंनी ते व्यापाऱ्यांना सांगितलं, केळी भरणाऱ्या मजुरांना सांगितलं, सलूनवाल्याला सांगितलं. मोरपंखीपण केळीसारखीच निघाली, यात त्यांना नवल वाटलं नाही, फक्त बरं वाटलं.

भामरे मॅडमना मात्र ते वाचून झोप येईना. बियांपासून उगवणारं झाड, वाऱ्यावरून परागकण घेणारं, त्याची सख्खी भावंडंसुद्धा सारखी नसतात. एका गावात असं झालं तर समजू, सगळ्या गावांत कसं? त्यांनी ज्योत्स्नाला फोन केला, की निबंध पाठवू नको, मी रविवारी येते आणि झाडं डोळ्यांनी बघते.

आषाढातला रविवार होता. सुमनबाईंनी वरण-बट्टीचा बेत केला. जेवायच्या आधी झाडं बघून येऊ म्हणून लोटनभाऊ मॅडमना आणि ज्योत्स्नाला गावातल्या शाळेत घेऊन गेले, कौतुकानं, घर दाखवावं तसं. फाटकापासून आत मोरपंखीची झाडं होती, लहानमोठी. मॅडमनी विचारलं, यातली पाच कुठली?

लोटनभाऊंनी कोपऱ्यातल्या मोठ्या झाडावर हात ठेवला. "हे."

"आणि बाकीची चार?"

"चारी याच्याच. केयीचं कसं, एक झाड पाह्यलं का बाग पाह्यली." मॅडम एकदा त्या झाडाकडे, एकदा बाकीच्या झाडांकडे बघायला लागल्या तेव्हा ते थोडे गोंधळले आणि सगळ्याच गावांचं सांगून टाकत, समजूत घालावी तसं म्हणाले, "बठ्ठ्या गावात तसंच केलं मी. उगी दुसऱ्या झाडायले कायले तोडा?"

ज्योत्स्ना शाळेच्या पायरीवर बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, लोटनभाऊंनी ते झेललं असतं. ती फक्त हळू आवाजात म्हणाली, "आबा, पाच झाडं हवी होती." मग लोटनभाऊंना कळलं. एकदम नाही, पायात काटा गेल्यावर आधी काही कळत नाही आणि मग ठणका लागतो, तसं. हिवाळा गेला. तो निबंध खोटा. तो छापून आला असता तर पोरीची नाचक्की. तिची शिष्यवृत्ती संपलेली आणि हातात काय, तर त्यांनी ऐटीत बांधलेल्या पुड्या. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

घरी आल्यावर कुणी ताटाला हात लावेना. मॅडमच मात्र निवांत दिसत होत्या. त्यांनी बट्टी फोडली, तूप वाढून घेतलं आणि लोटनभाऊंकडे वळून आपल्या घरच्या बोलीत म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटी लेवू नका. तुमनी चूक व्हयनी, पन ती आमना कामनी शे."

लोटनभाऊंना वाटलं, चूक कामाची आहे म्हणतायत ते आपली समजूत घालायला. पण मॅडम ज्योत्स्नाशी बोलायला लागल्या आणि बोलता बोलता ज्योत्स्ना ताठ झाली. झाडाझाडांत फरक निघाला, तर परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारतात, की हा फरक झाडाचा कशावरून, तुमच्या यंत्राचा आणि हाताचा कशावरून नाही? त्याला उत्तर एकच, एकाच झाडाचे अनेक नमुने वेगवेगळे समजून तपासायचे आणि सारखे येतात का बघायचं. पण तपासणाऱ्याला ते एकाच झाडाचे आहेत हे ठाऊक असलं की त्याची नजर नकळत तिकडे झुकते. इथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमना नाही, विद्यार्थ्यांना नाही, ज्योत्स्नाला नाही. सगळ्यांनी पाच झाडं समजून तपासली आणि यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं, की हे एकच झाड आहे. याहून भक्कम पुरावा ठरवूनसुद्धा उभा करता आला नसता. निबंध फाडायचा, पण आकडे ठेवायचे. आणि पावसाळा सरता सरता पुन्हा फिरायचं, या वेळी पाच झाडं. शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचं मी बघते, असं त्या म्हणाल्या, आणि पुढे ते त्यांनी खरंच बघितलं.

लोटनभाऊंनीही मग बट्टी फोडली. जरा धीर आल्यावर त्यांनी विचारलं, की मॅडम, पण झाडांत असा फरक येतो कुठून? मॅडमना असले प्रश्न आवडत. त्या म्हणाल्या, की तोसुद्धा चुकीतूनच येतो, भाऊ. पिढी दर पिढी जनुकं उतरवली जातात, त्यात कधीमधी एखादी कृती चुकून दोनदा उतरते. आता एकाच वासाच्या दोन प्रती झाल्या. पहिली आपलं जुनं काम करत राहते, तेवढ्यावर झाडाचं भागतं. मग दुसरी मोकळी होते. तिच्यात बिघाड झाला तरी झाड मरत नाही. बहुतेक वेळा ती बिघडून बिघडून मुकीच होते. पण लाखो वर्षांत एखादीच अशी बदलते, की तिच्यातून नवा वास निघतो, जो नव्या किडीला सोसत नाही. पुन्हा तिची प्रत, पुन्हा तिचा बदल. अशी वासांची मोठी खानदानं झालीत या झाडांत. कौतुक सगळे नव्या वासाचं करतात. पण पहिली प्रत घर धरून बसली नसती, तर दुसरीला भटकायची मुभा कुठून मिळाली असती?

सुमनबाई तूप वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे ते पह्यली माह्यासारखी."

सगळे खळखळून हसले. लोटनभाऊसुद्धा हसले, पोटभर, कारण सकाळपासून कोंडलेला श्वास त्यांना कुठेतरी सोडायचा होता.

श्रावणात गावात कानबाई देवी बसली, तिच्या नैवेद्याचे रोट झाले, आणि त्यानंतर पावसानं उघडीप दिली तसे बापलेक निघाले. नात आजीजवळ. मागच्या वेळी होते तेच रस्ते, तीच फाटकं. वरणगावच्या शिपायानं आता नातीचा ताजा फोटो मागितला. या वेळी लोटनभाऊ झाडाझाडाशी थांबत होते. ज्योत्स्नानं सांगितलं म्हणून त्यांनी पहिल्या झाडाची डहाळी चुरगळून वास घेतला, मग दुसऱ्याची, आणि ते थबकले. पुन्हा पहिल्याची घेतली. दुसरा वास जास्त तिखट होता, नाकात चढणारा. तिसऱ्याला लिंबासारखी झाक. चौथा जवळजवळ पहिल्यासारखाच, पण नाही, तोही निराळा.

शिरपूरच्या अलीकडच्या त्या शाळेत तर कमालच झाली. पावसाळ्यात ओळीवर कीड पडली होती. एक झाड अर्धं तपकिरी झालेलं, त्याच्या शेजारचं जेमतेम जीव धरून, आणि त्याला खेटून उभं असलेलं तिसरं हिरवंगार, जणू काही झालंच नाही. हेडमास्तर वना पाटील बाहेर आले होते. ते म्हणाले, की भाऊ, घ्या कुठलीही, "बठ्ठा झाडे सारखाच शेतस." लोटनभाऊंनी त्यांना हाताला धरून ओळीच्या टोकापासून चालवत आणलं, प्रत्येक झाडाचा वास घ्यायला लावला आणि असं काही समजावलं, की ज्योत्स्ना तोंडाला पदर लावून बाजूला झाली. कालपर्यंत जे स्वतः बागेच्या तिसऱ्या ओळीपुढे जात नव्हते, ते आज दुसऱ्याला शिकवत होते.

पण परतीच्या वाटेवर, तापीच्या पुलाशी गाडी थांबवली, तेव्हा लोटनभाऊंच्या हातातला चहा निवून गेला. त्या तिसऱ्या झाडाला पाहून त्यांना आनंद झाला होता, मनापासून. आणि त्याच आनंदात सुमनबाईंचं ते वाक्य वर आलं, जे ऐकून ते पोटभर हसले होते, पहिली माझ्यासारखी. मागचा हिवाळा ते गावोगाव फिरले तेव्हा बाग वाळली नव्हती. आताही ते फिरत होते आणि घरी लेकरू रडत असेल तर त्याला कुणीतरी घेत होतं. त्याच्या आधी ज्योत्स्ना शिकली, तेव्हा तिचा डबा करून, तिला बसवर सोडून मग शेतात जाणारं कोण होतं? त्यांनी स्वतः चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बागा बघितल्या आणि गावात नाव कमावलं, ते कुणाच्या जिवावर? हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडावर येऊन उभं राहणं वेगळं. त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं, की ती पहिली प्रत, तिला कधी मोकळीक मिळते का गं? ज्योत्स्ना म्हणाली, की मिळते. दुसरीनं तिचं काम उचललं तर.

नवे नमुने तपासून झाले. गावातल्या गावात फरक निघाले, कुठे थोडे, कुठे भरपूर, आणि या वेळी ते यंत्राचे आहेत असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ज्योत्स्नानं प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेची तारीख आली तोवर नात घरभर धावायला लागली होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती. परीक्षा सगळ्यांसमोर व्हायची होती, घरच्यांनाही बोलावणं होतं. पण एवढ्या मोठ्या सभागृहात या कार्टीला न्यायची कुणाची हिंमत नव्हती, आणि त्याच दिवशी सकाळी शेतीच्या विजेची पाळी होती. त्यामुळे लोटनभाऊ जाणार आणि सुमनबाई घरी राहणार, हे न बोलताच ठरलं. लोटनभाऊंच्या कपड्यांना इस्त्री झाली. नवी टोपी आली. पुड्या ज्यांनी आणल्या तेच जाणार, गावातही सगळ्यांना हेच योग्य वाटत होतं.

सकाळी लोटनभाऊ इस्त्रीचे कपडे घालून ओट्यावर आले, जरा वेळ उभे राहिले आणि पुन्हा आत गेले. बाहेर आले ते शेतातल्या सदऱ्यात.

"तू जाय," ते सुमनबाईंना म्हणाले.

सुमनबाईंना वाटलं यांना बरं नाही. मग वाटलं थट्टा करतायत. मला काय समजणार तिथं, एवढी मोठमोठी माणसं, असं त्या म्हणायला लागल्या. लोटनभाऊंनी त्यांना बोलू दिलं नाही. ज्योत्स्ना शेजारी उभी होती, तिच्यादेखत त्यांनी ते सांगितलं, इतक्या वर्षांत जे बंद दाराआडसुद्धा सांगितलं नव्हतं.

"तूनं घर धरलं म्हनून मी फिरलो, अन् पोरगी शिकली. तुह्ये फार उपकार हायेत माह्यावर. मले ते लवकर दिसले नही."

सुमनबाईंचे डोळे भरले होते, पण त्या बाईला रडायची सवय कमी. त्या एवढंच म्हणाल्या, "दोन नंबरचा व्हॉल्व आधी खोलजा. तो अडकते, हातानं नका ओढू, फडक्यानं धरजा." आणि लुगडं बदलायला आत गेल्या.

लोटनभाऊंचा तो दिवस कसा गेला, हे विस्तारानं सांगण्यात अर्थ नाही. व्हॉल्व त्यांनी हातानंच ओढला आणि कोपरापर्यंत भिजले. एका हातात नात आणि दुसऱ्या हातात नळी, अशी ती बाग भिजली. टेकू द्यायला आलेल्या बेबाबाईंनी काकू कुठे म्हणून विचारलं, तेव्हा ते छाती काढून म्हणाले, की विद्यापीठात गेल्यात. नातीनं दुपारी झोपायचं नाव घेतलं नाही, केळीचा एक डाग सदऱ्यावर कायमचा बसवला आणि आजी कुठे, आजी कुठे म्हणत भोकाड पसरलं. तिला खांद्यावर घेऊन लोटनभाऊ बागेत फिरत राहिले, ओळीमागून ओळ, अगदी शेवटपर्यंत. इतक्या आत ते स्वतःच्याच बागेत फार वर्षांनी आले होते. प्रत्येक घडाला नीट टेकू होता. एकही खोड वाकलेलं नव्हतं. कुणी केलं होतं हे सगळं, ते त्यांनी नातीला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण त्यांना सांगून बरं वाटलं.

दिवेलागणीला दोघी आल्या. ज्योत्स्नाच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं, की झालं. आता ती डॉक्टर ज्योत्स्ना. दारातूनच तिनं सांगायला सुरुवात केली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला, की हे फरक झाडांचे कशावरून? मग तिनं पुड्यांची सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता, केळीच्या बागेपासून. लोक आधी हसले आणि मग पुढे सरकून ऐकायला लागले. परीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, की असा पुरावा मी माझ्या सगळ्या नोकरीत पाहिला नाही. मग त्यांनी सभागृहावर नजर फिरवून विचारलं, की ते वडील आले आहेत का, मला त्यांना भेटायचं आहे.

ज्योत्स्ना उत्तर देणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उभी राहिली. जी बाई गावच्या सभेतसुद्धा कधी बोलली नव्हती, ती एवढ्या प्राध्यापकांसमोर खणखणीत आवाजात म्हणाली, "ते घरी हायेत. नातीले सांभाळून राह्यले."

"मग टाळ्या वाजल्या, आबा," ज्योत्स्ना म्हणाली. "थांबेचनात."

नात आजीकडे झेपावली. सुमनबाईंनी हात पुढे केले. लोटनभाऊंनी पोरीला सोडलं नाही, तसंच खांद्यावर ठेवलं आणि ओट्यावरची खाट पायानं त्यांच्याकडे सरकवली.

"तू बस आज," ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.